आधी मत, मग पाणी

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यातले कळत असे. बालमित्रांनो, असे जंगल तुम्ही पाहिले नसेल. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी पाहिले असेल, पण ते कबूल करणार नाहीत.

या जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याच्या मधोमध एक खडक होता. रोज सकाळी त्या खडकावर उभी राहून टिटवी बातम्या ओरडे. एक राजकारणाची, एक व्यापाराची आणि एक विज्ञानाची. विज्ञानाची सगळ्यात शेवटी, कारण तिच्यात वाघ नसे.

बातमी ऐकली की प्रत्येकाने प्रतिक्रिया द्यायची. प्रतिक्रिया दिल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचे नाही. ‘आधी मत, मग पाणी’ अशी तिथली रीतच होती. एकदा एक म्हातारे सांबर चुकून म्हणाले, “मला बुवा यातलं काही कळत नाही.” त्याला पाणी मिळाले, नाही असे नाही. पण पुढे त्याच्या मुलीचे लग्न जमेना.

प्रतिक्रिया आवडली की प्राणी माना डोलावत. फारच आवडली तर पाय आपटत. मग दिवसभर जिकडे जावे तिकडे तीच चर्चा.

या कामात दोघांचा हात धरणारा कोणी नव्हता. एक तरसोबा आणि दुसरे साळिंदरराव. तरसोबा प्रत्येक बातमीला आधी हसे आणि मग बोले. साळिंदरराव आधी काटे फुलवत आणि मग बोलत. तरसोबा जे म्हणेल त्याच्या नेमके उलट साळिंदरराव म्हणत. त्यासाठी त्यांना बातमी ऐकण्याचीसुद्धा गरज नसे, तरसोबा ऐकला की पुरे.

खरे तर साळिंदर हा रात्री हिंडणारा प्राणी. पण बातम्या सकाळी येत. म्हणून साळिंदररावांनी दिवसा जागायची सवय लावून घेतली होती. त्यामुळे कंद उकरून आणायचे काम त्यांच्या बायकोकडे, साळूकडे आले. दोन पिल्ले सांभाळायचे काम तिच्याकडे आधीपासूनच होते.

त्यांचे बीळ मोठे नामी होते. वरच्या अंगाला एक तळे होते. तळ्याला मातीचा जुना बांध होता आणि बांधाच्या पायथ्याशी साळिंदररावांचे बीळ. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब.

त्या दिवशी सकाळी साळू म्हणाली, “अहो, मागच्या भिंतीला हात लावून बघा जरा. ओल आलीय. पिल्लांच्या पोटाखालची मातीसुद्धा ओली झालीय.”

साळिंदररावांनी हात लावला. भिंत ओली होती. बोट टेकवले तर बोट आत गेले.

“बांधातनं झिरपतंय,” साळू म्हणाली. “मला काही हे लक्षण बरं दिसत नाही. टेकडीवरची कपार रिकामी आहे. आजच जाऊ या वर.”

“जाऊ, जाऊ,” साळिंदरराव म्हणाले. “आधी पाणवठ्यावर जाऊन येतो. बातम्यांची वेळ झाली.”

वाटेने ते जवळजवळ धावतच निघाले. पिल्लांची काळजी होतीच. पण खरे सांगायचे तर त्यात थोडा आनंदही होता. बांध फुटणार ही केवढी मोठी गोष्ट! आणि ती जंगलात फक्त त्यांना ठाऊक होती. आज आपण बोलायला उभे राहू आणि सगळ्यांना चाट पाडू, असे मनात मांडे खात ते पाणवठ्यावर पोचले.

टिटवीने पहिली बातमी ओरडली. “वाघमहाराजांनी गवताचं खातं लांडग्याकडे दिलं!”

तरसोबा हसला आणि म्हणाला, “वाटोळं होणार.” साळिंदरराव काटे फुलवून म्हणाले, “लांडगा गवत खात नाही. म्हणजे त्याला गवतात स्वार्थ नाही. याहून चांगला मंत्री कुठला?” हरणांनीसुद्धा माना डोलावल्या.

टिटवीने दुसरी बातमी ओरडली. “अस्वलशेठनी सगळी मोहोळं ताब्यात घेतली! मधमाश्यांना यापुढे कामकरी न म्हणता भागीदार म्हणणार!” यावर माकडांनी खूप प्रतिक्रिया दिल्या. मधमाश्यांनी दिली नाही, त्या कामावर गेल्या होत्या.

मग टिटवीने तिसरी बातमी ओरडली. “वरच्या तळ्याच्या बांधाला आतून भेग! पाणमांजराचा शोध!”

साळिंदररावांनी घसा खाकरला. काटे फुलवले. तोंड उघडले.

पण त्याआधीच तरसोबा हसला.

“हा हा हा! भेग आहेच! मी कधीपासनं म्हणतोय. बांध फुटणार म्हणजे फुटणार!”

सगळ्यांनी पाय आपटले. साळिंदररावांचे उघडलेले तोंड तसेच राहिले.

आता काय करावे? भेग आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे बोट त्या ओल्या भिंतीत गेले होते, त्याला अजून चिखल होता. पण तरसाच्या मागून ‘हो, भेग आहे’ म्हणायचे? म्हणजे तरसाचे उष्टे खायचे! आणि तरसाचे उष्टे म्हणजे काय असते ते, बालमित्रांनो, जेवणाच्या वेळी विचारू नका.

साळिंदररावांनी बोट गवताला पुसले.

“भेग?” ते म्हणाले. “कुठली भेग? आमच्या आजोबांच्या आजोबांनी पाहिलेला बांध हा! मी स्वतः बांधाच्या पायथ्याशी राहतो. आहे का इथे दुसरा कोणी पायथ्याशी राहणारा? ज्यांना जंगलाचं चांगलं बघवत नाही त्यांनाच भेगा दिसतात!”

असे काही पाय आपटले प्राण्यांनी की पाणवठ्यात लाटा उठल्या. तरसोबाचे हसू मावळले. साळिंदररावांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटले.

बिचारे पाणमांजर पुढे आले. “अहो, मी आत बुडी मारून बघून आलोय. माझा हात जातो त्या भेगेत. दगड टाकून बुजवायला पाच-पंचवीस जण आले तर अजून वेळ आहे.”

“पण तुमची प्रतिक्रिया काय?” टिटवीने विचारले.

“प्रतिक्रिया नाही. दगड पाहिजेत.”

“मत नाही म्हणे याला!” ससा शेजारच्या सशाला म्हणाला. मग सगळे पाणी प्यायले. जंगलात दुपारपर्यंत दोन तट पडले, भेगवाले आणि बिनभेगवाले. बिनभेगवाल्यांचे पुढारी अर्थात साळिंदरराव.

ते घरी आले तेव्हा साळूने दोन्ही पिल्लांना बिळाच्या तोंडाशी आणून बसवले होते.

“चला,” ती म्हणाली. “धाकट्याला तुम्ही घ्या. मागची भिंत ढासळायला लागलीय.”

साळिंदरराव तिथेच थबकले. “अगं, आता कसं जाता येईल?”

“पायांनी.”

“तसं नव्हे. मी सगळ्यांसमोर सांगून आलोय, भेग नाही म्हणून. आता मीच बिऱ्हाड हलवलं तर तरस काय म्हणेल?”

“तरसाला म्हणू द्या काय म्हणायचं ते. पोरं कुणाची, तुमची का तरसाची?”

“माझीच. पण मतही माझंच आहे ना!”

साळूने धाकट्याला तोंडात धरले, थोरल्याला पुढे घातले आणि टेकडीची वाट धरली. “भिंत पडायच्या आत या,” एवढे ती वळून म्हणाली. धाकट्याला तोंडात धरल्यामुळे ते नीट कळले नाही, आणि जेवढे कळले तेवढे साळिंदररावांनी ऐकले नाही.

तरसोबाने मात्र पाहिले. “साळिंदराचं बिऱ्हाड चाललं! हा हा हा! बायकोला दिसली भेग!”

“माहेरी चाललीय ती!” साळिंदरराव ओरडले.

साळूचे माहेर नदीपलीकडे होते. टेकडीवर नव्हे. पण बिनभेगवाल्यांनी माना डोलावल्या. दुपारभर ते साळिंदररावांना भेटायला येत राहिले. “काय धीराचे तुम्ही! असं ठाम राहायला हवं,” असे म्हणत आणि मग आपापल्या घरी जात. त्यांची घरे सगळी उंचावर होती.

शेवटचा ससा गेल्यावर बिळात सामसूम झाली. मागच्या भिंतीतून पाणी येत होते. साळिंदररावांनी स्वतःला समजावले, हा उन्हाळ्याचा घाम आहे, जुन्या मातीला सुटतो. मग पाणी पावलांवरून वाहू लागले. ‘फार घाम सुटलाय,’ ते स्वतःशी म्हणाले. आता त्यांना भीती वाटत होती. पोरांची आठवण येत होती. धाकटा झोपताना त्यांच्या पोटाशी येई, कारण पोटाला काटे नसतात. उठावे आणि सरळ टेकडीवर पळत सुटावे असे त्यांना वाटले. ते उठलेसुद्धा.

तेवढ्यात समोरच्या झुडपाआडून तरसोबाने डोके काढले. “निघालात वाटतं?”

“छे!” साळिंदरराव म्हणाले. “पाय मोकळे करत होतो.” आणि ते परत खाली बसले.

ते बसले आणि बांध फुटला.

तळे खाली आले ते अर्धे पाणी आणि अर्धा चिखल होऊन. बीळ गेले. झुडूप गेले. तरस पळाला, त्याचे पाय मोकळेच होते. साळिंदरराव दोन कोलांट्या खाऊन एका करंजाच्या बुंध्याला अडकले आणि चिखलात गळ्यापर्यंत रुतले. काटे फुलवायला गेले तर एकही काटा हलेना.

“वाचवा!” ते ओरडले. “अरे, वाचवा!”

पाण्याचा आवाज ऐकून सगळे जंगल धावत आले होते. प्राणी काठावर कोरड्या जागी ओळीने उभे राहिले. टिटवी अगदी पुढे आली.

“साळिंदरराव, ‘वाचवा’ ही तुमची प्रतिक्रिया समजायची का?”

“अगं बाई, मी बुडतोय!”

“म्हणजे भेग होती असं तुम्ही आता म्हणताय?”

साळिंदररावांच्या हनुवटीला चिखल लागला होता. तरीही त्यांनी विचार केला. “भेग नव्हती,” ते म्हणाले. “बांध एकदम फुटला. भेग वेगळी आणि फुटणं वेगळं.”

बिनभेगवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाय आपटले. काठावरची माती सुटून साळिंदररावांच्या नाकावर पडली. भेगवाल्यांनी आरडाओरडा केला. तरसोबा हसून म्हणाला, “फुटणार म्हटलं होतं की नाही? मला आनंद झालाय असं नाही, पण झालाय.” ससा जरा नाराज होता. “तुम्ही ‘वाचवा’ म्हणायला नको होतं,” तो म्हणाला. “आपली बाजू पडते.”

एवढ्यात साळू टेकडीवरून धावत खाली आली. तिने नवऱ्याकडे पाहिले. काठावरच्या गर्दीकडे पाहिले.

“अहो, काय उभे राहिलात असे?” ती म्हणाली. “मालक रुतलेत माझे. तिकडे वेल आहे जाड, तो ओढून आणा कुणीतरी. चार जण लागले तर निघतील. पाया पडते तुमच्या, हात द्या!”

सगळ्यांनी कान टवकारले.

मग म्हाताऱ्या माकडाने मान डोलावली. “वा,” ते म्हणाले.

“किती साधं!” हरिण म्हणाले. “किती आतून आलेलं!”

“ना राजकारण, ना पक्ष,” ससा डोळे पुसत म्हणाला. “आजची सगळ्यात चांगली प्रतिक्रिया.”

भेगवाल्यांनी आणि बिनभेगवाल्यांनी त्या दिवसात पहिल्यांदाच एकत्र पाय आपटले. कधी नव्हे ती तरसोबानेसुद्धा न हसता मान डोलावली. साळू वेड्यासारखी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. पण अंधार पडायला आला होता, आणि सगळ्यांना सकाळच्या बातम्यांसाठी लवकर झोपायचे होते. बोलता बोलता काठ मोकळा झाला.

उरले एकटे पाणमांजर. ते बांधावर दगड टाकता टाकता पाण्याबरोबर वाहत आले होते. त्याचा एक पंजा सुजला होता. त्याने न बोलता वेल तोडला. एक टोक साळूने धरले आणि एक पाणमांजराने. दोघांनी वेल साळिंदररावांच्या काखेतून घातला आणि ओढायला सुरुवात केली. चिखल सोडीना. वेल घालताना साळूच्या हातांना साळिंदररावांचे काटे रुतले होते. रक्त येत होते, ती ओढत होती. शेवटी मोठा आवाज झाला आणि साळिंदरराव काठावर येऊन पडले. अर्धेअधिक काटे चिखलातच राहिले होते.

साळू त्यांच्या शेजारी मटकन बसली. “पोरं वर आहेत,” ती म्हणाली. “दोन्ही बरी आहेत.” मग मात्र तिला रडू कोसळले.

साळिंदररावांना काहीतरी बोलायचे होते. ओठांवरचा चिखल त्यांनी थुंकला.

“अगं साळू.”

“काय हो?”

“तुझ्या बोलण्यावर त्यांनी पाय आपटले ना गं?”

“आपटले.”

साळिंदररावांनी एक सुस्कारा सोडला.

“वेल आणि चार जण,” ते म्हणाले. “मला नेमकं हेच म्हणायचं होतं. तू आधी बोललीस. आता उद्या मला उलट काहीतरी शोधायला हवं.”

तात्पर्य : मुलांनो, घर बदलावे, गाव बदलावे, पण मत बदलू नये. मत बदलणारा कोरड्या टेकडीवर कपारीत पोराबाळांत पडून राहतो आणि त्याला कोणी विचारत नाही. जो गळ्यापर्यंत चिखलात रुतला, त्याच्याइतका ठाम जंगलात दुसरा कोणी नसतो. आता या गोष्टीवर तुमची प्रतिक्रिया द्या, मगच पाणी मिळेल.