भिकूचा कच्चा सोल्डर

भिकू तांडेलाविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्याच्याविषयी लिहायचं तर त्याच्या गिटारच्या अँपविषयी लिहावं लागतं, आणि अँपविषयी लिहायचं तर माझ्याविषयी.

तारकर्लीला आमची घरं शेजारी. भिकूच्या घरात विजेची कुठलीही वस्तू सरळ भिंतीतल्या प्लगला लागत नसे. मध्ये लाकडी पाटीवर बसवलेला एक बल्ब असे. वस्तू त्यातून जोडायची. बल्ब मंद राहिला तर ठीक, लख्ख पेटला तर आत शॉर्ट. रेडिओ दुरुस्त करणारे हे करतातच. पण भिकू घरचा मिक्सरही बल्बातूनच लावी. मिक्सर कण्हत फिरे आणि त्याची बायको, सुलूवहिनी, खोबऱ्याकडे बघत बसे.

"भावजीनू, ह्येंका सांगा मगे! निदान वाटपाक तरी ह्या बल्बातसून सोडवा!"

"बल्बाक इचारल्याशिवाय काय एक चालू करूचा नाय," भिकू म्हणे.

जावयाने हौसेने नवा टीव्ही आणला. तोही आधी बल्बाला दाखवला. जावई रुसला. "जावयबापू, तुमका नाय, टीव्हीक तपासतंय," भिकूने समजूत काढली.

ही सवय त्याला एका लग्नात लागली.

तरुणपणी आमचा ऑर्केस्ट्रा होता. मी निवेदन करी, भिकू गिटार वाजवी. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या काकाने परदेशातून आणलेला ट्रान्झिस्टरचा गिटार-अँप हे आमचं वैभव. मासळीच्या पेटीएवढा, आणि खाऱ्या हवेमुळे सतत कुरकुरणारा. प्रत्येक कार्यक्रमाआधी भिकू तो उघडून गंजलेले जोड नव्याने सोल्डर करी.

वैभववाडीच्या त्या लग्नातही त्याने दुपारी तेच केलं. संध्याकाळी तो जेवायला बसला असताना नवऱ्याचा मामा माझ्यावर चालून आला.

"मागे कायच आयकाक येणा नाय. ह्यो ऑर्केस्ट्रा की मुको सिनेमा?"

मला ते झोंबलं. मी मांडववाल्याचे दोन भोंगे मिळवून मांडवाच्या पार मागच्या टोकाला टांगले आणि त्यांच्या वायरी अँपच्या पाठीमागे, स्पीकरच्याच टोकांना जोडून दिल्या. एवढा भार त्या अँपला झेपेल का, हे भिकूला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

दुसऱ्या गाण्याला मामा खूश होता. तिसऱ्याला अँपमधून धूर निघाला.

गोंधळात मी आधी प्लग खेचला आणि मग, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, भोंग्यांच्या वायरी काढून टाकल्या. भिकूने अँपचं झाकण उघडलं, जळका वास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझोच सोल्डर कच्चो रवलो." नवरीच्या बापासमोर त्याने हात जोडले. मी शेजारी उभा होतो.

घरी येऊन त्याने गिटार खुंटीला लावली. "अँप बोललो तरच मी वाजवतलंय."

पुढे तो ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करून पोट भरी आणि उरलेला वेळ अँपला देई. जळालेले मोठे ट्रान्झिस्टर काढून नवे घाली. बल्ब लख्ख पेटे. मग भिकू पुन्हा स्वतःचे सोल्डर तपासायला बसे. चूक तिथेच आहे, अशी त्याची खात्रीच होती. भोंग्यांचं मी सांगितलं असतं, तर त्याने दुसरीकडे शोधलं असतं.

मुंबईकर पाव्हणे म्हणत, "अरे, नवीन घे ना."

"नवीन घेतलंय तर माझी चूक खंय होती ता माका कसा कळतला?"

शिवाय त्याच्या झाडाचा पहिला फणस दरवर्षी माझ्याकडे येई. "तू प्लग खेचलंस म्हणान मांडव वाचलो रे!" मी तो फणस खात असे. बरका होता, गोड होता, आणि तरी निम्मा मी इतरांना वाटून टाकी.

गेल्या दिवाळीनंतर त्याने नवा हट्ट धरला. अँपमधला प्रत्येक पार्ट बाहेर काढायचा, मीटरवर मोजायचा, चांगला असेल तरच परत बसवायचा. हात थरथरत, डोळ्याला भिंग लागे. पार्ट ठेवायला त्याने घरातल्या सगळ्या करवंट्या पळवल्या. अखेर मोठ्या ट्रान्झिस्टरांना चालवणारा, शेंगदाण्याएवढा एक छोटा ट्रान्झिस्टर सापडला. तो त्या लग्नातच आतून शॉर्ट झाला होता, आणि नव्या मोठ्यांचं काही चालू देत नव्हता.

तो बदलून भिकूने मला हाक मारून बोलावलं. बल्ब मंद राहिला. त्याने गिटार खुंटीवरून काढली, तारा जुळवल्या आणि एक तार छेडली. खिडकीची काच थरारली.

"आता माझ्यो करट्यो परत दिया!" वहिनी आतून ओरडल्या.

भिकू हसला, थोडं वाजवलं, मग थांबला.

"सोल्डर माझो बरोच होतो रे. ह्यो ट्रान्झिस्टर सोल्डरान जाणारो नाय. कोणीतरी मागे जास्त लोड लावलेल्यान."

मी खाली वाकून रिकाम्या करवंट्या एकात एक रचू लागलो.

"जो कोण आसात तो," भिकू म्हणाला, "इतकी वर्षां बिचारो किती भियालो आसतलो. भेटलो तर त्येका सांगूचा आसा, अँप बरो झालो. आता निवांत रव."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं का, मला सांगता येणार नाही. मी मान वर केलीच नाही.

"आवाज बरो येता," एवढंच मी म्हणालो. बाकीचं उद्या बोलू, असं ठरवून उठलो. असे बरेच उद्या गेले, आणि शिमग्याच्या आधी भिकू गेला.

त्याच्याशी बोललो असतो, तसंच लिहून ठेवतो. भिकू, ते भोंगे मी लावलंय. नवरीच्या बापासमोर हात मी जोडूक होये होते, तू नाय. माका माफ कर रे.