टेप सगळ्यांना एकच

सरोजाटीचर वांगी आणायला निघाल्या की आधी घरी बसून कागदावर पाच मुद्दे लिहितात. देठ हिरवा, अंगाला चकाकी, हाताला हलकं, भोक नाही, आकार मुठीएवढा. प्रत्येकाला दोन मार्क. मग कोपऱ्यावरच्या गाडीशी जाऊन एकेक वांगं उचलतात आणि पेन्सिलीनं कागदावर खुणा करतात. सातच्या खाली गेलेलं वांगं परत टोपलीत. गाडीवाला सिद्दप्पा आता सरावलाय. टीचर दिसल्या की वांगी पुसून ओळीत मांडतो आणि हात मागे बांधून उभा राहतो, शाळा तपासायला साहेब आल्यासारखा.

मी एकदा म्हटलं, "टीचर, वांगं बघून ठरवायचं की. घरी बसून काय लिहिता?"

"अण्णा, वांगं समोर आलं की मन त्याच्या बाजूनं होतं. मग आपण त्याच्या सोयीचा कायदा करतो. आधी माप लिहायचं, मग माल बघायचा. सरी?"

सरी म्हणजे कन्नडात बरं, ठीक. टीचरांच्या तोंडी त्याचा अर्थ, आता पुढे बोलू नका.

मी शिंपी. इथं कन्नड मुलखात, जे. पी. नगरात, घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. त्याची मला लाज नाही. मी शिवलेली पँट घालून माणसं वकील झाली. टीचर समोरच्या घरात राहतात. सरकारी शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. नवरा वारला, मुलगा कॅनडात.

त्यांच्या मापांचा त्रास दुसऱ्याला होतो तसा त्यांना स्वतःलाही होतो. वरची खोली भाड्यानं द्यायची होती तेव्हा त्यांनी भाडेकरूसाठी सहा मुद्दे काढले. नोकरी, वेळेवर येणं-जाणं, पाणी जपून वापरणं, असे. सगळ्यात जास्त मार्क एका आंध्रच्या पोराला पडले. पोरगा गुणी, फक्त पहाटे पाचला मृदंग वाजवायचा. मी म्हटलं, काढून टाका त्याला. टीचर म्हणाल्या, "आवाजाचा मुद्दा मी घातला नव्हता. चूक माझी, शिक्षा त्याला का?" दोन वर्षं कानात कापूस घालून राहिल्या. बोटांनी ताल धरायलासुद्धा लागल्या होत्या, पण ते विचारलं तर कबूल करत नाहीत.

अशा बाईकडे आमच्या मराठी समाजानं प्रवेशाचं काम दिलं. देवळाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचा ठरलं. हॉलमध्ये वीस मुलं मावतात. अर्ज आले बेचाळीस. आमची जुनी घरं थोडी, बाकी सगळी पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली मंडळी, लांबच्या बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रोडवरची.

अध्यक्ष म्हणाले, आधी येईल त्याला आधी घ्या. टीचर म्हणाल्या, म्हणजे देवळाशेजारी राहणाऱ्याला घ्या, आणि सर्जापूर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्याला सोडा. अध्यक्ष म्हणाले, मग ज्याचं मराठी चांगलं त्याला घ्या. टीचरांनी चष्मा काढला. "दवाखान्यात धडधाकट माणसाला आधी खाट देतात का?"

शेवटी ठरलं ते असं. ज्याला सगळ्यात कमी येतं आणि ज्याच्या घरी शिकवणारं कोणी नाही, त्याचा नंबर पहिला.

मला हे पटलं नाही. "टीचर, माणसं सारखी नसतात. मी सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट शिवला तर अर्धे लोक गुदमरतील."

"शर्ट वेगवेगळाच शिवायचा, अण्णा. पण टेप? ओळखीचा माणूस आला की तुमची टेप लांब होते का?"

मी गळ्यातली टेप काढून खिशात घातली. सत्तर ओलांडलेल्या माणसाला त्याच्याच टेपनं गप्प करणं चांगलं नाही. मग त्यांनी मला काम दिलं. मुलांची नावं कळली की मन फितूर होतं, म्हणून बेचाळीस नंबर कापडावर शिवून द्या. कुठला नंबर कोणाचा ते मलाच ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलं नाही. अध्यक्षांनी चहा पाजला तरी नाही.

मुलाखतीच्या दिवशी मजा झाली. कमी येणाऱ्याला आधी घेणार, ही बातमी फुटली होती. जिन्यावर आई-बापांची रांग, आणि बोलणं असं:

"आमची तर आजीचा फोन आला की पळूनच जाते."

"तुमची निदान पळते तरी. आमच्याला आजी काय बोलते तेच कळत नाही."

"आमच्याकडे टोटली इंग्लिश. घरात एक वर्ड नाही."

एवढ्या अभिमानानं पोरांना ढ म्हणणारे आई-बाप मी जन्मात बघितले नव्हते.

सतरा नंबरचा पोरगा आत आला. बेळ्ळंदूरचा. बाप मागे उभा. टीचरांनी विचारलं, काल काय जेवलास? पोरानं ओठ आत ओढून घेतले. बाप म्हणाला, "मॅडम, झीरो आहे. खरंच सांगतो, झीरो." टीचर खाली वाकून हळूच म्हणाल्या, "बुटाची नाडी सुटलीय बाळा. कोण बांधणार ती?"

"मला येते बांधता. पण आईनं सांगितलंय, जिना उतरेपर्यंत तोंड अजिबात उघडायचं नाही."

असं खणखणीत बोलला की मी टाळी वाजवणार होतो. बापानं खिशातला फोन काढून त्यात बघितलं, फोन आलाच नव्हता.

मी त्या लोकांना खूप हसलो. आता खरं सांगतो. एकतीस नंबर माझी नात होती, मैत्री. आठ वर्षांची. तिची आई कन्नड, शाळा इंग्लिश. मराठी जेवढं आहे तेवढं माझ्याकडनं. आणि माझ्याकडनं शिकली तर चौथीपर्यंतच जाणार, ही मला काळजी. म्हणून मीही तिला सांगून ठेवलं होतं, टीचरांसमोर बोलू नको. पोरगी दगडासारखी बसली. अर्जात प्रश्न होता, घरी मराठी लिहायला-वाचायला शिकवील असं कोण आहे? मी मुलाला म्हटलं, लिही, कोणी नाही. आजोबा निरक्षर. उभ्या जन्मात मी हा शब्द कोणाला माझ्याबद्दल बोलू दिला नव्हता. खाली सही मीच केली.

यादी लागली. एकतीस नंबर नव्हता.

मैत्री म्हणाली, "अज्जा, मी स्वल्पसुद्धा बोलले नाही. मग?"

तिला काय सांगणार. मी समोरची खिडकी लावून घेतली. टीचरांचा एक ब्लाउज माझ्याकडे होता, त्याला एक बाही लावून ठेवून दिला. आठ दिवस टीचर गेटशी आल्या की मी मशीन जोरात चालवायचो, खाली कापड नसलं तरी.

नवव्या दिवशी माझंच डोकं तापलं आणि मी त्यांच्याकडे गेलो. "एकतीस नंबरचा अर्ज दाखवा."

त्यांनी फाइल काढली. माझ्या 'कोणी नाही'वर लाल रेघ होती. पुढे लिहिलं होतं, खोटं. आजोबा आहेत. दहापैकी दहा.

"सगळ्या घरांची चौकशी केली मी," टीचर म्हणाल्या. "अर्जावर नाव नसलं तरी फोन नंबर होता. फोन केले, बाहेर विचारलं. पुष्कळ अर्ज खोटे निघाले. तुमच्यासाठी फोनची गरज पडली नाही. दुपारी काळ्या कापडावर खडूनं अक्षरं काढून त्या पोरीकडनं गिरवून घेता, ते मला खिडकीतनं दिसतं."

"तशी माझ्या बापानं मला शिकवली. ते काय शिकवणं झालं? मला अजून क्ष नीट जमत नाही."

"असा शिकवणारा यादीतल्या वीस घरांत नाही, अण्णा. ज्यांच्याकडे तुम्ही नाही त्यांना मी आधी घेतलं. आणि सही करून स्वतःला निरक्षर म्हणवलंत, त्याचे मार्क कापायला हवे होते."

चौथीतसुद्धा मला दहापैकी दहा कोणी दिले नव्हते. डोळे पुसण्यापेक्षा बरं म्हणून मी फाइलची पानं उलटायला लागलो. शेवटी वीस जणांची यादी होती. पहिल्या नंबरच्या वर पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं. उजेडाकडे धरलं तर वाचता आलं. सरोजा, वय एकाहत्तर. घरी मराठी बोलणारं, कोणी नाही.

"हे काय?"

"मापं बरोबर आहेत का ते बघायला आधी स्वतःला लावून बघितली." टीचर हसल्या. "घरच्या मुद्द्यात मीच पहिली आले. नातू फोनवर हाय म्हणतो, मग फोन त्याच्या आईकडे जातो. ती पंजाबी आहे. चांगली आहे हो."

वर भाडेकरू चालल्याचा आवाज आला. टीचर फाइलची नाडी बांधत होत्या. बांधून झाली तरी बांधत होत्या.

मी म्हटलं, "रविवारच्या वर्गाला तुमची मापं आहेत. सोमवारला आहेत का?"

"सोमवारी वर्गच नाही."

"म्हणजे मापं नाहीत. मग सोमवारी मी येतो. मला क्ष शिकायचाय. पोरगी नुसती शेजारी बसेल."

यात कोणावर अन्याय होतो का ते टीचर शोधत होत्या, मला दिसत होतं. सापडला नाही.

सोमवारी चार वाजता मैत्रीला घेऊन गेलो. टीचरांनी तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि चकल्या काढल्या होत्या. सात वाजले तेव्हा मैत्रीची आई गेटमधून हाका मारत होती. क्षला पाच मिनिटं लागली. बाकी वेळ टीचर बोलत होत्या.