चीज टोपलीत, पाहुणा ताटावर

शनिवारच्या बाजारात आन्सेल्म मास्तर चीजवालीवर भडकले होते. चीजचा त्रिकोणी तुकडा कागदात गुंडाळताना तिच्या अंगठ्याने त्याचं टोक चेपलं होतं.

"अगं, टोकात तर सगळी चव! असलं चेपकं चीज पाहुण्यापुढे ठेवू?"

"मास्तर, पोटात गेल्यावर चेपणारच आहे ना ते," असं म्हणत तिने दुसरा तुकडा कापून दिला. मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रोकमोरेल गावात त्यांचा तास अजून सुटलेला नव्हता.

पाहुणा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "कोण ते विचारू नका, उगाच चिडाल," एवढंच बायकोने, म्हणजे सोलांजबाईंनी, सांगितलं होतं. पण जेवणाला चरबीत मुरवलेलं बदक होतं, हिवाळ्यात भरलेल्या बरण्यांतली शेवटची बरणी. त्यामुळे मास्तर फार खोलात शिरले नव्हते. टोपलीत चीज होतं, पाव होता आणि 'आजच दुपारी खा' असं बजावून फळवाल्याने निवडून दिलेलं खरबूज होतं.

"या घंटेच्या मनोऱ्यावरून गाव कसं दिसतं हो?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं. त्यांचं नाव मादाम बेरांजे, मुक्काम पॅरिस.

"मी कशाला चढू? मनोरा आमचाच आहे."

"म्हणजे जन्मभर इथे राहून पाहिलंच नाही?"

"तुम्ही तरी तुमच्या त्या लोखंडी मनोऱ्यावर कधी चढता का?"

"दर वर्षी," मादाम म्हणाल्या.

पॅरिसच्या माणसाने आपल्याला आपल्याच बाजारात निरुत्तर करावं, हे मास्तरांना सोसवेना. "चला," ते म्हणाले.

मनोऱ्याच्या दाराशी राखणदार फिरमँ दहाबारा पर्यटकांना इतिहास सांगत होता. त्याची पाठ दाराकडे होती. गावच्या माणसाने तिकीट काढणं मास्तरांना अपमानाचं वाटे, म्हणून मादामना पुढे घालून ते गुपचूप वर चढले.

वर पोचतात न पोचतात तोच कानाशी बाराचे टोल पडू लागले. दोघांनी कान गच्च दाबले. खालून फिरमँ नेहमीप्रमाणे ओरडला, "कुणी आहे का वर?" पण त्या घणघणाटात ते कुणाला ऐकू येणार! दोघं खाली उतरले तेव्हा लोखंडी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि चौकात चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव जेवायला गेलं होतं.

"अहो, ओरडा की!" मादाम म्हणाल्या.

"कुणासाठी? या वेळी आमच्याकडे आग लागली तरी आधी जेवतात."

मास्तर फोन बाळगत नसत. मादामच्या फोनवरून त्यांनी घरी लावला.

"सोलांज, मी मनोऱ्यात अडकलोय! बाहेरून कुलूप घातलंय त्या गाढवाने!"

"गाढव इथेच बसलंय," सोलांजबाई म्हणाल्या. "आत्ताच सूप वाढलंय. गावच्या मागच्या सभेत तुम्ही चारचौघांत झापलंत बिचाऱ्याला, म्हणून म्हटलं, बोलवावं."

मास्तरांचा आवाज चढला. "दे त्याला फोन! फिरमँ, किल्ली घे आणि ये पळत!"

"नमस्कार मास्तर. बारा म्हणजे बारा, दोनपर्यंत मनोरा बंद. कुलूप लावायला पाच मिनिटं उशीर केला तर तुम्हीच सभेत उभे राहिलात."

"अरे, पण मी आत आहे!"

"आणि जेवताना मधेच उठायचं नाही, शेवटचं चीज झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. शाळेत कुणी शिकवलं? कान धरून?"

"मग खा ते चीज लवकर आणि ये!"

"खाल्लं असतं हो. पण चीज कुठाय?"

मास्तरांनी हातातल्या टोपलीकडे पाहिलं.

"मी परवानगी देतो. ऊठ!"

"एकदा नियम मोडला की माणूस मोडतच जातो. तुमचंच वाक्य, मास्तर." फोन बंद झाला.

मास्तर तणतणत पुन्हा वर गेले. मनोऱ्यावरून गाव खरंच सुरेख दिसत होतं. दगडी छपरं, नदीचं वळण, आणि त्यांच्याच अंगणातली द्राक्षवेल. वेलीखाली मांडलेलं टेबल. मास्तरांच्या खुर्चीत, मास्तरांचा नॅपकिन गळ्यात बांधून फिरमँ बसला होता. सोलांजबाई त्याला बदकाची दुसरी तंगडी वाढत होत्या.

"माझी! ती माझी होती!" मास्तर किंचाळले. कबुतरं उडाली.

"मलाही भूक लागलीय," मादाम म्हणाल्या. "ते चीज काढा."

"बदकाच्या आधी चीज? शरम नाही वाटत?"

"मग उपाशी मरू?"

मास्तरांनी विचार केला. "खरबूज चालेल. ते सुरुवातीलाच खातात." त्यांनी खिशातला चाकू काढला. खरबूज असं पिकलं होतं की मादामनी सालसुद्धा खरवडून खाल्ली. चीजला मात्र मास्तरांनी हात लावू दिला नाही.

दोनला फिरमँ आला. गळ्यात नॅपकिन तसाच, हातात रिकामी बशी.

"उघड!"

"उघडतो ना. दोन म्हणजे दोन. पण मी जेवणातून उठलेलो नाही, बरं का. जेवण चालूच आहे." त्याने जाळीतून बशी पुढे केली. "चीज."

मास्तरांनी दात खात चीज आणि चाकू दिला. फिरमँने कुलपात किल्ली फिरवली. कुलूप खटकन उघडलं. मग, आधी एक घास घ्यावा म्हणून, तो दार अडवून पायरीवर टेकला आणि चीजचं टोक सरळ आडवं कापलं. अख्खं टोक.

"मास्तर," मादाम घाईघाईने कुजबुजल्या, "काही बोलू नका. हात जोडते."

मास्तरांनी ओठ मिटले. डोळेही मिटले. फिरमँने टोक तोंडात टाकलं.

"अरे नालायका!" जाळी हादरली. "कडेने कापायचं! टोक सगळ्यांचं असतं! हेच शिकवलं का मी तुला?"

फिरमँने घास शांतपणे चावून संपवला, चाकू पुसला आणि कुलपात किल्ली उलटी फिरवली.

मादाम खालच्या पायरीवर बसल्या. "टोपलीत," त्यांनी विचारलं, "दुसरं खरबूज आहे का हो?"