इन्स्टॉलरचे कुलूप आणि सगुणेचा ठिकाणा

श्रीगजानन प्रसन्न. किल्ली देणारा तोच आणि ती विसरविणाराही तोच, त्यास प्रथम नमन करोन आणि मग दातओठ खाऊन ही हकीकत लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. नाव आम्ही रागाने ठेविले नाही, पंचांगातच तसे आहे. लिनक्स नामे थोर मुलूख, तेथे राज्ये बहुत, त्यांपैकी एका राज्याची ही गोष्ट. राज्याचे नाव घेत नाही, कारण घेतले तर तेथील मंडळी त्या नावाच्या उच्चारावरच वर्षभर वाद घालितील. या राज्यास राजा नाही आणि कर नाही, आणि जो येईल त्यास संगणक चालविण्याची अवघी व्यवस्था फुकट मिळते. नवी रयत आली की वेशीवर इन्स्टॉलर उभा, तो दोन-चार प्रश्न पुसतो, भाषा कोणती, मुलूख कोणता, आणि मग रिकाम्या डिस्कवर घर बांधोन देतो. त्या प्रश्नांत एक चौकोन असे, 'माझे घर कुलूपबंद करा'. रयतेने तेथे खूण करावी आणि निर्धास्त निजावे, ऐसा सर्वांचा समज होता, आणि तो समज साफ खोटा होता.

खोटा कैसा, तर ते कुलूप फक्त आतल्या खोलीस बसे आणि ओसरी उघडी राही. ओसरी म्हणजे काय, तर संगणकाच्या ध्यानात जागा पुरेनाशी जाहली की तो हातचा मजकूर डिस्कच्या एका कोपऱ्यात तात्पुरता टाकितो, त्या कोपऱ्यास जाणते लोक स्वॅप म्हणतात. तेव्हा आत कपाटास कडीकोयंडा आणि कपाटातलाच कागद ओसरीवर वाऱ्याने उडतो आहे, ऐसा कारभार. हे मिरजेच्या मेहरुन्निसा मुजावर यांच्या ध्यानी आले. बाई दिवसा एका सूतगिरणीचे संगणक सांभाळीत आणि उरल्या वेळी या राज्याची चाकरी विनावेतन करीत. त्यांनी नवे कुलूप सिद्ध केले, त्यात ओसरीसकट अवघी डिस्क बंद, आणि किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, अंदाजाने शोधू जाणाऱ्या चोरास एकेका अंदाजापायी इतका वेळ लागावा की त्याचे केस पिकावे, आणि रयत किल्ली विसरलीच तर एक राखीव किल्ली आधीच कागदावर छापोन मिळावी. इतके करोन त्यांनी ते कुलूप दरबारी रुजू केले.

दरबार म्हणजे दर गुरुवारी इंटरनेटवर भरणारी सभा. तेथील रीत ऐसी की सर्वांचे एकमत होईतो काडी हलू नये, आणि एकाने नकार दिला की काम ठप्प. इन्स्टॉलरचे कारभारी दिनकरपंत वझरकर, गृहस्थ हुशार आणि प्रामाणिक, परंतु दुधाने तोंड पोळलेले. त्यांच्या वडिलांचे सारे फोटो किल्ली विसरल्यामुळे डिस्कमध्येच अडकले आणि मग वडीलही गेले, ते दुःख खरे, आम्ही नाकारीत नाही. पंत बोलिले, "मेहरुन्निसाबाई, लोक किल्ली विसरतात हो. मग रडत आपल्याच दारात येतात. मी रडलोय, मला माहीत आहे." बाई बोलिल्या, "म्हणून तर राखीव किल्ली दिलीय की, पंत. एकदा उघडून बघा तरी." पंत पाहतो म्हणाले. आणि मग एक सरदार उठोन म्हणाले की बटणावर 'कुलूप' लिहावे की 'ताळे', आणि दुसरे म्हणाले जुने संगणक सुरू होण्यास उशीर लागेल, आणि तिसरे म्हणाले पर्याय वाढले की नवी रयत गांगरते, आणि चौथ्यांनी बटणाच्या रंगाचा प्रश्न काढिला, आणि त्या रंगावर सबंध श्रावण गेला. बाई प्रत्येक सूचना घेऊन दुरुस्ती करीत आणि पुन्हा रुजू करीत, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ऐसी तीन वर्षे गेली. तीन वर्षांत पोर जन्मोन चालूबोलू लागते, आणि या शहाण्यांस एक कुलूप लावता येईना! आम्ही तेव्हा सभेत बसोन होतो आणि आमचे रक्त उकळत होते.

इकडे सोलापुरी चंपूताई घोलप म्हणोन बाई, त्या सासरच्या माराने घर सोडिलेल्या बायकांस थारा देत. त्यांचे पदरी देणगीत आलेला एक जुना लॅपटॉप, त्यावर त्यांनी हेच राज्य वसविले, कारण एक तर फुकट, आणि वर 'कुलूपबंद' म्हणोन लिहिलेले. ताईंनी चौकोनात खूण केली. त्यांच्या आश्रयास सगुणा नामे एक सून आली होती, तिजला नवऱ्याने पेटत्या चुलीवर ढकलिले होते. ताईंनी तिजला दूरच्या गावी खोली आणि शिवणयंत्र घेऊन दिले, आणि तिचा ठिकाणा त्या लॅपटॉपवाचोन कोठेही ठेविला नाही. मग सगुणेच्या दिराने संस्थेचे दार फोडोन लॅपटॉप पळविला आणि ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्यापुढे ठेविला. त्यास आतली खोली उघडेना, तेव्हा त्याने ओसरी चाळिली, आणि तेथे ठिकाणा पडिला होता, गल्लीच्या नावासकट. मग नवरा आणि दीर मोटारसायकलीवर बसोन गेले, आणि शेजारपाजार धावेतो त्यांनी सगुणेच्या उजव्या हाताची बोटे वरवंट्याने ठेचिली. ज्या हाताने ती शिवीत असे तो हात. पुढे ते दोघे पळाले आणि अद्याप सापडले नाहीत.

चंपूताईंनी दुसरीकडून संगणक मागोन आणिला आणि गुरुवारी थेट दरबारात येऊन उभ्या राहिल्या. बोलिल्या, "म्या चंपूताई घोलप, सोलापुरास्नं बोलतीया. तुमच्या पाटीवर लिवलं हुतं, माजं घर कुलूपबंद करा. म्या खूण केली. आनि काय करायचं हुतं वो म्या? सांगा की! पोरीची बोटं गेली. आता घास बी बहीण भरवतीया तिला." आणि ती बहीण सगुणेस घेऊन कोणत्या नव्या गावी राहते, तेही रडता रडता बोलोन गेल्या. मग एका सरदारांनी या राज्यात कोणीही गाऱ्हाणे आणिले की जे ठरावीक उत्तर देतात तेच दिले, "ताई, तुमच्या भावना समजतात. पण हा प्रकल्प आपल्या सर्वांचा आहे. त्रुटी दिसली तर तुम्हीच दुरुस्ती करून पाठवा, स्वागतच आहे." ताई बोलिल्या, "म्या दुरुस्ती करू? आनि पोरीची बोटं कोन, तुमी शिवताय?" तेव्हा मेहरुन्निसाबाईंचा बांध फुटला. "दुरुस्ती तीन वर्षं तुमच्या दारात पडलीय! रंग पाहिजे होता न्हवं तुम्हाला? काळा लावा. आणि लावून झाला की तोंडाला पण लावा!" पंत इतकेच बोलिले, "माझे नुसते फोटो गेले होते." आणि त्यांनी कोणाचे मत न पुसता नवे कुलूप इन्स्टॉलरात बसविले आणि जुना चौकोन आपल्या हाताने पुसोन टाकिला. सरदारांनी रीत मोडल्याची कुरकुर केली, ती त्यांनी ऐकिली नाही.

नवी आवृत्ती बाहेर पडिली. कुलूप उत्तम, खोटे कशास बोलावे. परंतु या राज्याचे दुसरे ब्रीद ऐसे की आमचे सारे उघड, सभेतील शब्दन् शब्द लिहोन जगापुढे मांडावा, आणि ज्याने उणीव दाखविली त्याचे नावानिशी आभार मानावे. तेव्हा सरदारांनी मोठ्या प्रेमाने जाहीरनामा लिहिला, त्यात सोलापूरच्या चंपूताई घोलप यांचे आभार, त्यांच्या आश्रित सगुणाबाई यांस सहानुभूती, आणि खाली सभेचा सारा वृत्तांत जोडिला, बहिणीच्या गावासकट. जगातले उत्तम कुलूप एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने पत्त्याची दवंडी पिटली! मेहरुन्निसाबाईंनी वाचिले आणि सरदारांस फोन केला, "ते गाव काढा, आत्ताच्या आत्ता काढा!" सरदार म्हणाले, "काढता येत नाही. एकदा जाहीर झालेलं बदलायचं नाही, तो आपला पायाच आहे. शिवाय जगभर प्रती गेल्यात." आणि वर म्हणाले, "आम्ही तर मान दिला त्यांना." बाईंनी फोन आपटिला आणि ताईंस कळविले. दिनकरपंतांनी रीत मोडोन दरबाराची प्रत तेवढी पुसविली, आणि बाकीच्या प्रती राहिल्या त्या राहिल्याच. त्याच सायंकाळी चंपूताईंनी भाजीचा टेंपो केला आणि सगुणेस त्यात बसवोन बहिणीच्या घरून हलविले. सगुणेने फक्त इतके पुसले, "आता कुनी सांगितलं, ताई?" आणि ताईंनी टेंपोची ताडपत्री खाली ओढिली.

तात्पर्य, कुलूप पक्के जाहले, आणि ज्यांनी तीन वर्षे लाविली त्यांचीच नावे जाहीरनाम्यात वर आहेत. मेहरुन्निसाबाईंनी चाकरी सोडिली. सगुणा आता तिसऱ्या गावी दुसऱ्या नावाने राहते आणि डाव्या हाताने टाके घालावयास शिकते. ते गाव कोणते आणि ते नाव काय, हे आम्ही कोणास पुसले नाही, आणि कोणी सांगू लागला तर आम्ही कानांवर हात ठेवितो. लेखनसीमा.