दगडोजीची धामण

एका जंगलात शाळा नव्हती, पण सत्कार समिती होती. तिथे दगडोजी नावाचं एक म्हातारं अस्वल राहायचं. कडक स्वभावाचं. गाणं ते कुणाकडे शिकलं नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दगडोजी गायला लागला की पाय आपटून ताल धरायचा. माकडं उठून जायची. ससे बसल्या जागी झोपायचे. फक्त त्याची पाळलेली धामण मान वर काढून डोलायची. शेवटपर्यंत डोळे उघडे. सापाला पापण्याच नसतात, हे दगडोजीला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

"या रानात एकच जाणकार आहे," तो म्हणायचा, "आणि तो माझ्या घरात आहे."

"त्या जाणकाराला कान कुठे आहेत, काका?" एका माकडिणीने विचारलं.

"तुला आहेत ना? काय उपयोग झाला?"

सिंहापर्यंत ही बातमी गेली. त्याने हुकूम काढला. धामण दरबारात डोलली तर दगडोजी दरबारी गवई. नाही डोलली तर त्याचं गाणं कायमचं बंद.

दरबाराच्या दिवशी सत्कार समितीने दगडोजीच्या पायाखाली वाळक्या गवताची जाड गादी घातली. "वय झालं तुमचं, काका. पाय दुखायला नकोत."

दगडोजी सुखावला. जन्मात पहिल्यांदा गादी मिळाली होती.

तो जीव तोडून गायला. पाय आपटला, तो गवतात रुतला. धामण हलली नाही. डोळे उघडे ठेवून ती गाढ झोपली होती.

गाणं बंद झालं.

घरी येऊन दगडोजी आडवा पडला. हनुवटी मातीत टेकवून पुटपुटला, "माझं काय चुकलं गं?"

त्या पुटपुटण्याने जमीन थरथरली. धामण दचकली.

"मालक, तुम्हाला बोलता येतं?"

"बोलता? मी रोज गातो."

"मला वाटायचं तुम्ही उंदीर उठवता. तुम्ही पाय आपटला की ते बिळातून पळतात. कुठून निघतात ते मी मान फिरवून बघते. आज का नाही उठवलेत?"

दगडोजीने हनुवटी मातीतून उचलली. मग उठला. न गाता नुसता पाय आपटला.

धामणीने मान वर काढली. डोलली.

"आज आवाज चांगला लागलाय," दगडोजी म्हणाला.

तात्पर्य : दाद मिळाली की घ्यावी. कशाला मिळाली, हे विचारू नये. मुलांनो, मी काठी आपटली आहे. माना डोलवा.