तुडुमापर्यंतचा श्वास

आमच्या गावात पन्नाशी-पंचावन्नच्या आतलं कुणीही तळ्याच्या पाळीवर चढलं, की नकळत श्वास रोखतं. सरपंच रोखतात, पोस्टमन रोखतो, माहेरपणाला आलेली लेक रोखते. पाहुण्यांना वाटतं, तळ्याला वास येत असावा. वास नाही. हे सीताराम मास्तरांचं काम आहे.

आमचं गाव केशोरीच्या पुढं, धानाच्या बांध्यांत. तळं जुनं. ज्या कोहळी घराण्यांनी ते बांधलं, त्यांतल्याच एका घरातले मास्तर. पूर्वजांनी पाणी अडवायला पाळ घातली आणि मास्तरांनी त्या पाळीवर पृथ्वीचा इतिहास नेऊन बसवला. पाळ त्यांच्या पावलांनी बरोबर नऊशे. एक पाऊल म्हणजे पन्नास लाख वर्षं. मोहाच्या झाडापाशी पृथ्वी जन्मते आणि मारुतीच्या पाराला आजचा दिवस येतो. मधे, अर्ध्याच्या जरा अलीकडे, शेतात पाणी सोडायचं दगडी तुडूम आहे. तिथं हवेत पहिल्यांदा प्राणवायू आला.

मास्तर नोकरीत होते तेव्हा आणि निवृत्त झाल्यावरही, दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना घेऊन ते मोहाखाली उभे राहायचे.

"पृथ्वी झाली," ते सांगायचे. "हवा आहे, पण तुमच्या कामाची नाही. नाक बंद."

आणि चालायला लागायचे. चारशे वीस पावलं श्वास रोखून कोण चालणार? पोरं गाल फुगवून, डोळे वटारून चालायची आणि मास्तरांची पाठ बघून हळूच श्वास चोरायची. तुडुमाशी पोचलं की मास्तर वळायचे. "घ्या आता." वीस-पंचवीस पोरं एकदम फुसफुसायची. मग एकेकाला प्रश्न: "कुठी घेतला?"

हाच नियम होता. चोरला तर चोरला, पण तुडुमावर खरं सांगायचं. "दहाव्या पावलाले, गुरुजी." "चिंचेपाशी." "म्या तं पयलेच घेतला, गुरुजी, विसरलोच." मास्तर प्रत्येकाला शाबास म्हणायचे.

मी चार वर्षं एकच उत्तर दिलं. "घेतलाच नाही, गुरुजी."

मास्तर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे आणि म्हणायचे, "बरं." शाबास कधी म्हणाले नाहीत. ते "बरं" मला आज त्रेपन्नाव्या वर्षीही ऐकू येतं.

तुडुमानंतर पोरं बडबडत चालायची, पण मास्तरांचा खरा रंग तिथूनच चढायचा. पाण्यावरच्या हिरव्या तवंगाकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "हात जोडा. हे आपले थोरले. हवा बनवणं यायनंच सुरू केलं. पन पयले ती हवा कोनाच्याच नाकात नाही गेली. समुद्रातल्या लोखंडानं खाल्ली. सारं लोखंड गंजून तळाले बसलं, लोखंडाचं पोट भरलं, तवा उरली ते वर आली." मग साठ पावलं राहिली की थांबायचे. इथं प्राणवायू आजच्यापेक्षा पुष्कळ वाढला होता. चतुर उडायचे ते हातभर पंखांचे. का वाढला? दलदलीत झाडं पडली, पण सडली नाहीत, चिखलात पुरली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. "झाड जगताना हवा देते, अन् सडताना वापस घेते. पुरलं तेवढंच उरलं." मग पुरणं कमी झालं आणि हवाही उतरली. शेवटी पाराशी आले की ते दोन बोटं जोडून दगडावर ठेवायचे. "हा मानूस. एवढाच. अन् बोलते किती."

मास्तरांचा सगळ्यात विचित्र नेम वेगळाच होता. तळ्याच्या कडेला चिखलातून बुडबुडे येतात ना, त्यांना ते रोज वाकून राम राम करायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसून कायले राहिला बे? हवा आली तवा ते ज्यायच्यासाठी जहर होती, ते बिचारे मेले. वाचले ते खाली चिखलात लपले. आजवरी तिथंच राहून राहिले. घर आपन घेतलं त्यायचं. राम राम तं म्हन."

घरी खिडकीत लोणच्याच्या बरण्यांसारख्या हिरव्या पाण्याच्या बाटल्या असायच्या. कोणत्याही लग्नाला गेले की त्या गावच्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचे. एकदा एसटीत कंडक्टरनं हटकलं, "मास्तर, हे काय?" तर म्हणाले, "वडीलधारे आहेत. तिकीट लागते का?" मास्तरीणबाईंनी एकदा चुकून केशोरीची बाटली तुळशीला ओतली. मास्तर दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "काऊन रुसून राहिले? एका थोरल्याची दुसऱ्या थोरलीशी भेट घालून देली म्या." तेव्हा कुठे हसले. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. मास्तरांची माणसं म्हणाल तर शनिवारची ती पोरं.

आणि ती मी तोडली.

मी गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव होतो. तळ्यातल्या मासोळीवर वीस-बावीस घरं चालतात. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि तळं हिरवंगार झालं, वर जाड साय धरली. सकाळी रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करायचे. मी गोंदियाला गेलो. दुकानदार म्हणाला, "नीला थोथा डाल दो, दो दिन में पानी काच जैसा." मी मोरचुदाची पिशवी घेऊन आलो. वाटेत मास्तर भेटले. पिशवी त्यांनी पाहिली नाही, मी फक्त विचारलं की शेवाळ मारलं तर कसं.

"मारू नको, प्रभाकर," ते म्हणाले. "हातानं काढ, थोडं थोडं. जितं आहे तवरी दिवसा हवा देते तरी. एकदम मेलं तं एकदम सडंन, अन् सडताना पान्यातली सारी हवा खाऊन टाकंन."

मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, म्हातारा शेवाळाचीच बाजू घेणार. दुसऱ्या दिवशी सारं गाव एका लग्नाला गेलेलं असताना भर दुपारी मी डोंग्यातून मोरचूद पसरलं. तळं खरंच काचेसारखं झालं. दीड दिवस. तिसऱ्या सकाळी काठापासून काठापर्यंत पांढरी पोटं वर आली होती. फक्त मरळ वाचली, कारण ती वर येऊन हवा गिळते.

सारा गाव पाळीवर जमला. मासे विकणारी सोनाबाई खाली बसून रडत होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मास्तरच काहीबाही टाकत असते पान्यात. बाटल्या घेऊन तेच तं फिरते." मी तीन हातांवर उभा होतो. मी त्याला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यानं काम झालं.

मास्तरांना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त शाळेतून निरोप गेला, काही दिवस पोरांना पाळीवर नेऊ नका. सोनाबाई त्यांच्या घरावरून जाताना तोंड फिरवू लागली. मास्तर एका शब्दानं काही बोलले नाहीत. मी रस्त्यात दिसलो की म्हणायचे, "कसा आहेस?" मी म्हणायचो, "ठीक." ते म्हणायचे, "बरं."

असं दोन वर्षं चाललं. मी रात्री झोपत होतो, जेवत होतो, संस्थेच्या बैठका घेत होतो. हेही इथं लिहून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मी फार तळमळत होतो.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी पाळीखाली बेशरमाच्या झुडपात अडकलेलं जाळं सोडवत बसलो होतो. वर पावलं वाजली. मास्तर एकटेच मोहाकडून येत होते, गाल फुगवलेले. तुडुमाशी थांबले, मोठा श्वास सोडला. मग मागे वळले आणि रिकाम्या पाळीला म्हणाले, "कुठी घेतला?"

आणि थांबले. मान हलवली. "शाबास." जरा बाजूला पाहिलं. पुन्हा थांबले, पुन्हा मान हलली. "शाबास." वीस-पंचवीस पोरांना जेवढा वेळ लागतो, तेवढा सगळा वेळ ते तिथं उभे होते. शेवटी एका जागी त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"बरं," ते म्हणाले.

मी जाळं टाकून वर चढलो. अंगाला चिखल होता. मास्तर दचकले नाहीत.

"गुरुजी," मी म्हटलं, "मी चार वर्षं घेत होतो. दर वेळी. आणि मोरचूदही मीच टाकलं."

ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "पिशवी डोंग्यातच विसरला होतास. म्या उचलली अन् पाळीखाली पुरली."

"मग बोलले का नाही?"

"मी कायले बोलू? ज्यानं घेतला त्यानं सांगाचं असते. मी विचारून तं राहिलो होतो, दर शनिवारी."

मला रडू आलं. ते तळ्याकडे बोट करून म्हणाले, "त्या थोरल्यायनं हवा सोडली तवा कितीक मेले. त्यायले ठाऊक नव्हतं. तुले मात्र म्या सांगतलं होतं. म्हनून तुले गावाले सांगा लागंन."

मी दुसऱ्याच ग्रामसभेत सांगितलं. सोनाबाई उठून म्हणाली, "दोन वर्सं म्या त्या मानसाकडं पाहिलं नाही, तुयाच्यानं. मासोळी मेली ते मेली, हे कोन भरून देईन?" सचिवपद गेलं. ते जायलाच हवं होतं. दुसऱ्या सकाळी सोनाबाई मास्तरांच्या दारात मरळ ठेवून गेली. मास्तर माळकरी, मासोळी खात नाहीत. ते ती बादलीत घालून पुन्हा तळ्यात सोडून आले आणि तिला म्हणाले, "बहुत चांगली होती."

पुढच्या शनिवारी शाळेनं पोरं पाठवली. मोहाखाली मीही सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. मास्तरांचं पाऊल आता लहान झालंय, नऊशेची पाळ हजाराच्या वर गेली असेल. तुडुमाशी पोचलो. एकेकानं सांगितलं. माझी पाळी आली.

"तिसऱ्या पावलाले, गुरुजी," मी म्हटलं. पोरं फिदीफिदी हसली.

"शाबास," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात पुढची एक चिमुरडी मान वर करून म्हणाली, "गुरुजी, अन् तुमी कुठी घेतला?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाळीवरच्या त्या सगळ्या रांगेकडे, अगदी मागच्या माझ्यापर्यंत.

"मी?" ते म्हणाले. "मी आता घेऊन राहिलो."