कायम नवशिके

इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी लागतात इंग्रजी न येणारी माणसं. अशी माणसं वेळेवर येत नाहीत, आलीच तर प्रश्न विचारतात. म्हणून प्रशिक्षण संस्थेने चार जण पगारावरच ठेवले होते. हुद्दा : कायम नवशिके.

त्यांतले ज्येष्ठ नवशिके, आजोबा, तासाआधी इंग्रजी वर्तमानपत्र वाचून घडी घालून ठेवत आणि मग खुर्चीच्या चित्राकडे असे बघत, जणू आयुष्य उभ्यानंच काढलंय. त्यांचं अडखळणं इतकं घोटीव, की ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा.

थोरली, घरातली मोठी लेक, शिवणकाम सोडून शिक्षिका व्हायला या संस्थेत आली होती. प्रमाणपत्र हाती पडलं की एका शाळेत नोकरी नक्की होती. "हातचं सोडून पळत्यामागे लागलीस," आई म्हणाली, "आता निदान पळतं तरी धर."

तिच्या सरावाच्या तासाला, मागे परीक्षक बसलेले असताना, जिना झाडणारी बाई आत येऊन बसली. तिला खरोखरच इंग्रजी येत नव्हतं. संस्थेत असं प्रथमच घडत होतं.

"ताई, लेकीचा कान ठणकतोय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना माझी भाषा कळत नाही. काय सांगू त्यांना?"

भाषा थोरलीच्या घरचीच. लेकराचा कान ठणके, आईचा जीव झुरे. तिथे खुर्चीचं चित्र काय दाखवायचं? तिनं त्याच भाषेत समजावलं, चार इंग्रजी वाक्यं घोटून घेतली. ओंजळीतलं पाणी सांडू नये तशी ती वाक्यं जपत, पुटपुटत बाई दवाखान्याकडे निघाली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "ती शिकली?"

"हो, सर."

"आराखड्यात शिकणं शेवटच्या आठवड्यात आहे. आणि गेली कुठे?"

"दवाखान्यात."

"म्हणजे गळती," त्यांनी नोंद केली. "शिवाय तुम्हाला शिकणाऱ्याची भाषा येते. हे शिकवणाऱ्याला शोभत नाही. उद्या पुन्हा तास घ्या. शेवटची संधी."

आजोबांनी तिला जिन्यात गाठलं. "पोरी, अशी खरंच शिकवत सुटलीस तर आमच्या पोटावर पाय येईल. तू विचार, आम्ही अडखळतो. सगळ्यांचंच भलं."

दुसऱ्या दिवशी तास रंगला. थोरली हसली, टाळ्या वाजल्या, खुर्चीला खुर्ची म्हणता म्हणता आजोबांना घाम फुटला. तेवढ्यात दारात तीच बाई. कडेवर लेक, हातात औषधाची बाटली.

"ताई, मी सांगितलं सगळं. पण त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही. हे पाजायचं, की कानात घालायचं?"

परीक्षकांची पेन्सिल थांबली. थोरलीनं बाईकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, माफ करा, मला तुमची भाषा येत नाही.

प्रमाणपत्रावर 'विशेष प्रावीण्य' असा शेरा आहे.

आता थोरलीच्या वर्गात प्रवेश मिळणं महाकठीण. शाळा पालकांना तिचा तास काचेतून दाखवते. परवा तुम्हीही काचेला नाक लावून उभे होता. मुलगा शिकणार काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. बाईंना चुकूनसुद्धा आमची भाषा येत नाही ना, एवढंच विचारलंत; आणि 'नाही' ऐकल्यावर समाधानानं फी भरलीत.